तिसरी कोलांटी

दुपारची जेवणं आटोपली की सुमेधा जरा आडवी होते. आजही झाली आहे. बाहेर तिचे वडील, अण्णा, नारळ सोलताहेत, तो आवाज हळूहळू लांब जातो, आणि डोळा पुरता लागायच्या आतच तिला कळतं की स्वयंपाकघरात आई आहे.

आईला जाऊन आता वर्ष होत आलं. तेव्हापासून सुमेधानं नदीचं तोंड पाहिलेलं नाही. त्याआधी धरणाचं पाणी सुटलं की ती कयाक, तिची एकटीपुरती निमुळती होडी, घेऊन नदीवर हजर असायची. खळाळत्या पाण्यात होडीसकट कोलांट्या मारण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आई दर वेळी टॉवेल घेऊन काठावर यायची आणि नदीकडे पाठ करून बसायची. लेक उलटी झालेली तिला बघवायची नाही.

आता आई ओट्यावर बसली आहे, पाय खाली सोडून. पाय पाण्यात आहेत, कारण फरशीवरून नदी वाहते आहे. सुमेधाला त्याचं नवल वाटत नाही. ती कयाकमध्येच बसलेली आहे.

"बरी आहेस ना?" ती विचारते.

"मला काय धाड भरलीय?" आई म्हणते. "तू दाखव. मी कधी पाहिलंच नाही."

सवय गेली, हात विसरले असतील, असं सुमेधा सांगून बघते. आई नुसती पदर खोचते आणि वाट पाहत राहते.

वल्हं मारताच मोरीपाशी वळण येतं, आणि पलीकडे दवाखान्याचा जिना. आईच्या शेवटच्या दिवसांत औषधांसाठी ती हाच जिना धावत चढायची, उतरायची. आता पायऱ्यांवरून पांढरंशुभ्र पाणी कोसळतं आहे. ती कडेला क्षणभर थबकते, पुढे झुकते आणि स्वतःला सोडून देते. खाली पाणी मागे उलटून उसळतं, तिथे ती कयाकचं नाक खुपसते. डोकं खाली, पाय वर, हवेत अख्खा फेरा. मग दुसरा. तिसऱ्याला तोल जातो आणि ती पालथी पडते.

पाण्याखाली हिरवा उजेड आहे. ती घाई करत नाही. कंबर वळवून वल्ह्याचा एक फटका देते आणि वर येते.

समोर दवाखान्याच्या बाकावर आई बसली आहे, तोंड नदीकडे करून. डोळे उघडे.

"खाली गेलीस की काय असतं गं?"

"हिरवं दिसतं. सगळे आवाज थांबतात. भीती नाही वाटत, आई."



"मलाही नाही वाटली, शेवटी," आई म्हणते. मग लगेच, "पुन्हा कर. तिसरी चुकली तुझी."

सुमेधाला हसू फुटतं. ती कयाक वळवते. तुषारांमागे बाक दिसेनासा होतो, पण आई बघते आहे हे तिच्या पाठीला कळत राहतं.

अण्णांच्या हाकेनं जाग येते. चहा झाला आहे. सुमेधा उठून बसते, मान खाली घालते, आणि नाकातून पाण्याची धार उशीवर लागते. उलट्या कोलांट्यांनंतर नाकात राहिलेलं पाणी असंच, तासा-दोन तासांनी, न सांगता ओघळतं.

दारातून अण्णा विचारतात, रडलीस का. ती मानेनंच नाही म्हणते आणि उशी त्यांच्यापुढे धरते.

अण्णा वास घेतात. शेवाळाचा, ओल्या खडकाचा. कप खिडकीत ठेवून ते पडवीत जातात आणि कयाकवरची ताडपत्री ओढून काढतात.