आण्णांचं धारेचं दूध

"अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया," डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, मराठीत सांगा. "रक्ताचा कॅन्सर. पण बहुतेक मुलं यातून बरी होतात." पुढचं माझ्या डोक्यात शिरलंच नाही. माझी सई त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसली होती.

केमो सुरू झाली आणि घराला अवकळा आली. आम्ही उचगावचे, आमचं दार कधी लोटलेलं नसायचं. आता शेजारणी फाटकाशीच थांबायच्या आणि काचेमागून टक्कल पडलेली सई हात हलवायची. डॉक्टरांनी 'न्यूट्रोपेनिया' समजावला होता: केमोनं जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी संपत येतात, मग साधा जंतूही जिवावर उठतो. मला माझ्याच हातांची धास्ती बसली. धुऊन धुऊन कातडी फाटली, तरी तिला जवळ घेताना अंगावर काटा यायचा.

आणि आमचे आण्णा, म्हणजे सासरे! रोज सकाळी म्हशीच्या कट्ट्यावर, जिथं गिऱ्हाइकासमोरच धार काढून देतात तिथं, उभं राहून धारेचं कच्चं दूध प्यायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. एकदा मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तेवढ्यात त्यांनी कट्ट्यावरनं आणलेला फेसाळता तांब्या पोरीच्या तोंडाला लावला.

"उकळलं की कस जातोय त्येचा. पोरीच्या अंगात रगत न्हाय," म्हणाले.

मी किंचाळले, "आण्णा, मारायचीय काय तिला?" त्यांनी तांब्या मागं घेतला, पण दोन घोट तिच्या पोटात गेलेच होते.

एक-दोन दिवस काहीच झालं नाही. खोकला नाही, उलटी नाही. ती शांतताच मला खायला उठली होती. मग भर मे महिन्यात, टळटळीत दुपारी, सई भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "आई, माझ्या पाठीवर गार पाणी कोण सोडतंय?" खोलीत आम्ही दोघीच होतो. थर्मामीटरनं एकशे एक दाखवलं.

आयाबायांनो, इथं नीट ऐका. अशा लेकराला ताप आला तर घरची गोळी देऊन वाट बघत बसू नका, तडक दवाखाना गाठा. पोचल्या पोचल्या सईला सलाईनमधून अँटिबायोटिक लावलं, तरी तोवर तिचं ब्लड प्रेशर उतरलं होतं. आयसीयूत डोळे उघडे, पण तिनं मला ओळखलं नाही. माझ्यामागं कुणी उभं असल्यासारखी बघत राहिली. मी वळून बघितलं, खोटं कशाला सांगू.

ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी, तिचा रिपोर्ट आला. "हा दुधातनंच आला असं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "तो आपल्या आतड्यात असतोच. पेशी नसल्या की रक्तात उतरतो. पण कच्चं दूध परत नको." म्हणजे पोरीच्या पोटातच बसलेला असेल! मला आणखीच भ्या वाटलं. आण्णांशी मात्र मी बोलत नव्हते. ते बाहेर बाकड्यावर उपाशीच बसून होते.

मग एका सकाळी सईच्या दंडावर, जुन्या सुईच्या जागी, लालभडक फोड दिसला. वर पिवळं टोक. मी सिस्टरला हाक मारली. डॉक्टर आले आणि चक्क हसले. "पांढऱ्या पेशींशिवाय पू होत नाही. परत यायला लागल्यात त्या." सई माझ्याकडं बघून कळवळली, "आई, दुखतंय की!"

पुवाला हात जोडणारी बाई तुम्ही बघितली नसेल. मी जोडले.

आण्णांना काचेपाशी नेऊन मी तो दंड दाखवला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "पिकलंय की गं!"

"व्हय आण्णा, पिकलंय," मी म्हटलं, आणि तिथंच सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.