दहातले पाच

भिजवलेल्या मुगाचा आंबूस वास आला की मला यवतमाळची ती माती तपासणीची खोली आठवते आणि डोकं फिरतं. कापसाची ती वाईट वर्षं होती. बोरी अरबकडच्या एका बाईची कपाशीची उभी पराटी तणनाशकानं जळली होती, आणि तिच्या मातीत विष उरलंय का, ते आम्ही भिजवलेले मूग पेरून पाहत होतो. एका कुंडीत तिची माती, दुसरीत आमच्या आवारातली, चांगली मानलेली. चांगल्या मातीत दहातले नऊ मूग उगवलेच पाहिजेत, नाहीतर चाचणी बाद, असा नियम चाचणीच्या नियमावलीच्या मसुद्यात मीच लिहिला होता. त्या दिवशी दोन्ही कुंड्यांत निम्मेच उगवले, तेही पिवळे, माना टाकलेले. म्हणजे आमचीच माती बिघडलेली होती. तणनाशक विकणारा दुकानदार आमच्या साहेबांच्या शेजारी चहा पीत बसला होता. साहेबांनी माझ्या मसुद्यातला नऊ खोडून पाच केला. "दोन्हीकडे सारखंच आहे. बाईच्या मातीत दोष नाही." मी म्हटलं, "साहेब, ही चाचणी बाद आहे." "तुम्ही कुंड्या धुवा," ते म्हणाले. बाई दारातच उभी होती. "अर्धं वावर उगवलं तं तुमी त्याले पीक म्हंता काय, साहेब?" तिनं विचारलं. दुकानदार हसला. साहेबांनी अहवालावर सही केली. पुढे नियमात तोच पाच कायम झाला. आजही घरी निम्म्याच मुगाला मोड आले तर मी अख्खं पातेलं ओतून देते. नवरा म्हणतो, निम्मे चांगले आहेत की. त्या दिवशी मी त्याच्याशी बोलत नाही.