गजभियेंची लाल झेंडी

ही गोष्ट सांगायचं मी पाच वर्षं टाळलं. कोणी विषय काढला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचो. आता माझं वय एकोणऐंशी आहे, आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं ते देवराव गजभिये वाचायला उरलेले नाहीत. तरी लिहितो, कारण आमच्या भिलाईच्या सेक्टरात अजूनही लोक म्हणतात की ते इंजिन गजभियेंच्या हातून गेलं.

गजभिये बोटांच्या पाठीने इंजिन तपासायचे. भिलाईच्या कारखान्याची स्वतःची रेल्वे आहे. तिच्या इंजिनांच्या शेडमध्ये ते फिटर होते आणि मी त्यांचा साहेब. दुरुस्त झालेलं इंजिन यार्डात फिरवून आणलं की ते वाकून प्रत्येक चाकाच्या बेअरिंगच्या पेटीला बोटांची पाठ टेकवायचे आणि डोळे मिटायचे. "डाव्या अंगाचं तिसरं तापून राहिलं, साहेब," असं म्हणाले की मी थर्मामीटर मागवायचो. थर्मामीटर तेच सांगायचा. काही वर्षांनी मी तो मागवणं सोडून दिलं.

शेडचा एक नियम होता. इंजिनाखाली जाणारा माणूस रुळावर लाल झेंडी लावायचा, ती असेपर्यंत इंजिन हलवायचं नाही, आणि ज्याने लावली त्यानेच ती काढायची. दुसऱ्या कोणीही, अगदी साहेबानेही, तिला हात लावायचा नाही. मी नवा असताना एकदा घाईत झेंडी उपटायला गेलो, तेव्हा इंजिनाखालून शांत आवाज आला, "साहेब, हात मांगं घ्या. ते झेंडी नाही, माही मान आहे." मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते असं. चेहरा नंतर पाहिला.

निवृत्तीनंतर आम्ही सहा-सात म्हाताऱ्यांनी क्लबच्या एका खोलीत टेबलावर छोटी रेल्वे मांडली. रुळांचे दोन गोल होते. आतला जुना, साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणारा. बाहेरचा नवा, डिजिटल. त्यात प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते, तिला नंबर असतो, आणि रिमोटवरून त्या नंबराला हुकूम दिला की तेवढंच इंजिन चालतं. माझ्या मुलीने परदेशातून असं एक इंजिन पाठवलं. तळहाताएवढं, हिरवं. कोणीतरी त्याला खेळणं म्हणाला तेव्हा गजभिये म्हणाले, "लहान आहे. खेळणं नाही."

सोबतचा इंग्रजी कागद मी वाचून सांगितला. नवं इंजिन एकदम पळवू नये. डबे न जोडता अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे, हळू चालवावं, मग वेग थोडा थोडा वाढवावा. गजभियेंचा चेहरा उजळला. "हे तं आपल्या शेडचंच लिवून ठेवलं आहे," म्हणाले. त्यांनी इंजेक्शनच्या सुईने कण्यांना तेलाचा एकेक थेंब दिला आणि काम सुरू केलं. एक वही केली. वेळ, दिशा, वेग, किती तापलं, आणि प्रत्येक ओळीखाली सही. दर पंधरा मिनिटांनी इंजिन थांबवून त्याच्या अंगाला बोटाची पाठ लावायचे. इंजिन तळहाताएवढं, पण वाकायचे ते पूर्वीइतकेच.

बाकीचे कंटाळले. "गजभिये, याला काय दिल्लीला न्यायचं आहे?" एकाने टोमणा मारला.

"तुमाले घाई असन तं बसनं जा," ते मान वर न करता म्हणाले.

दोन गोलांना जोडणारा एक सांधा होता. इंजिन त्यावरून आतल्या गोलात गेलं असतं तर दोन वेगवेगळ्या विजा त्याच्या चाकांतून एकमेकींना भिडल्या असत्या. तिथे त्यांनी टूथपिकला लाल चिंधी बांधून झेंडी रोवली. "दोन्ही करंट भिडले तं याचं डोस्कं जळन," त्यांनी सगळ्यांना बजावलं. माझ्याकडे बघून हसले. मला सांगायची गरज नाही, असं ते हसणं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते रोजच्याप्रमाणे इंजिन थांबवून स्कूटरवर रुआबांध्याला घरी गेले. पत्नीला औषध द्यायचं असे. इतर लोक जेवायला गेले होते. तेवढ्यात नागपूरचा माझा एक जुना मित्र आला. त्याच्यापुढे मी फोनवर या इंजिनाची फुशारकी मारली होती.

"नुसतं एकटंच फिरतं? डबे ओढत नाही?" त्याने विचारलं.

डबे आतल्या गोलात उभे होते. ट्रान्सफॉर्मर चालू होता. मी झेंडी उपटली, सांधा बदलला आणि इंजिन आत घेतलं. मध्यावर ते एकदा थरथरलं आणि थांबलं. पोटातून केसाएवढी धुराची रेघ निघाली. जळलेल्या वायरीचा वास मी जन्मभर ओळखत आलो आहे. मित्राला काही कळलं नाही. त्याला गाडी गाठायची होती, तो गेला. मी पंखा लावला. इंजिन उचलून बाहेरच्या गोलात जागेवर ठेवलं, सांधा पूर्ववत केला, आणि झेंडी त्याच भोकात परत रोवली.

अडीचला गजभिये आले. रिमोटची चकती फिरवली. पुन्हा फिरवली. मग वाकून बोटाची पाठ टेकवली. लोक जमले. "रोज तासन् तास फिरवून जाळलं त्याला," कोणी म्हणालं. "या वयात हात चालत नाहीत. साहेबांच्या पोरीने एवढ्या प्रेमाने पाठवलेलं." सगळे माझ्याकडे सहानुभूतीने पाहत होते.

गजभियेंनी आधी सांध्याकडे पाहिलं. झेंडी जागेवर होती. म्हणजे त्यांच्या मते इंजिनाला कोणी हात लावला नव्हता. झेंडी काढून परत लावणारा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. मग त्यांनी वही उघडली. शेवटची सही त्यांचीच होती.

"सही माही आहे, साहेब," ते म्हणाले. "माह्याच हातानं झालं असन." आणि खाली लिहिलं, 'इंजिन बंद', आणि पुन्हा सही केली.

त्यानंतर ते दोनदा क्लबात आले. हात मांडीवर ठेवून बसले, कशालाही लावले नाहीत. मग यायचे थांबले.

दोन महिन्यांनी मी रुआबांध्याला गेलो. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. "जयभीम, साहेब," म्हणत त्यांनी खुर्ची पुढे केली. माझी मुलगी कशी आहे विचारलं. उतईला जावयाने घर बांधलं, तिथली वायरिंग जावई त्यांना करू देत नाही, असं हसत सांगितलं. "बरोबर आहे त्याचं," म्हणाले. वहिनींनी चहा आणून ठेवला. त्या आत गेल्यावर गजभियेंनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"पाहा बरं साहेब. थरथरून राहिले का?"

ते हात स्थिर होते. 

"नाही," मी म्हणालो.

"मलेही तसंच वाटते. मंग कावून झालं असन?"

असं का झालं, हे त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. उत्तर जगात एकाच माणसाकडे होतं आणि तो त्यांच्या समोर बसला होता.

"चहा निवतो आहे," मी म्हणालो, आणि तो एका दमात पिऊन उठलो.

"अजी बसा ना. घाई असन तं बसनं जा," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. फाटकापर्यंत सोडायला आले.

त्याच थंडीत ते गेले. मी स्मशानात सगळ्यांच्या मागे उभा होतो. वाटेत पाठ केलेलं वाक्य अजून तसंच्या तसं माझ्याजवळ आहे: गजभिये, झेंडी मी काढली होती.