अण्णांच्या पॉलिसीचा नंबर

जुलै लागला की इंडस्ट्रियल एरियातल्या त्या फर्निचर कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत, वल्लरीच्या टेबलाशी माणसं जमायची. ती अकाउंट्स सांभाळायची. कतारमध्ये पगारावर कर नाही, त्यामुळे इथं चार वर्षं काढली की माणूस कराची भाषाच विसरतो. पण ज्याचं गावी घरभाडं येतं, त्याला भारतातलं रिटर्न काही चुकत नाही. अशा पंधरा-वीस जणांची रिटर्नं ती फुकट भरून द्यायची. तिची अट एकच. आईवडिलांच्या मेडिक्लेमची वजावट हवी असेल, तर हप्ता भरल्याची पावती आधी टेबलावर ठेवायची.

"भरलाय हो मॅडम, दरवर्षी भरतो," असं कुणी म्हटलं की ती मान वर न करता सांगायची, "मग पावती असेलच. यल्ला, चला, घेऊन या पटकन."

त्या वर्षी तिचं स्वतःचं रिटर्न मागं राहिलं होतं. नवरा, पियूष, याचं कंत्राट मार्चमध्ये संपलं होतं आणि नवीन मिळत नव्हतं. अल गराफातल्या व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांचं भाडं आणि मुलीची फी तिच्या एकटीच्या पगारातून जात होती. पुण्याच्या फ्लॅटचं भाडं यायचं, ते तिथल्याच कर्जाच्या हप्त्यात संपायचं. त्यात विट्याहून फोन आला. अण्णांना जिना चढताना छातीत कळा येत होत्या. मिरजेला नेऊन तपासलं, तर तीन नळ्या बंद. बायपास करावी लागेल म्हणाले. पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली.

अण्णा म्हणजे तिचे वडील गोविंदराव, वय एकाहत्तर. एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक म्हणून चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. शेजारच्या हौसाबाई दोन वेळचं करून द्यायच्या. ऑपरेशनचं ऐकून अण्णा मुळीच घाबरले नव्हते.

"कार्ड हाय की तू काढल्यालं," ते फोनवर म्हणाले. "दवाखान्यातल्या पोरीनं इचारलं, इन्शुरन्स हाय का आजोबा? म्हटलं, माझ्या लेकीनं सात वर्षांमागंच काढून ठिवलाय. तू नुसती ये. घाई करू नगं."

वल्लरीनं बुधवारचं तिकीट काढलं. जाण्याआधी रिटर्नचं काम हातावेगळं करावं म्हणून शुक्रवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन बसली. मेडिक्लेमच्या रकान्यात तिनं नेहमीचा आकडा टाकला. पण नव्या फॉर्मला नुसता आकडा पुरत नव्हता. विमा कंपनीचं नाव हवं होतं, पॉलिसीचा नंबर हवा होता. पावती शोधावी म्हणून तिनं कंपनीचं पोर्टल उघडलं.

पॉलिसीच्या नावापुढं लाल अक्षरात लिहिलं होतं, लॅप्स्ड. तारीख मागच्या डिसेंबरची.

आपण चुकीचं पान उघडलं असं तिला वाटलं. बाहेर पडून तिनं पुन्हा लॉग इन केलं. तीच तारीख होती. मग हळूहळू सगळं उलगडत गेलं. हप्ता ज्या खात्यातून आपोआप कापला जायचा, ते खातं तिनं ऑक्टोबरमध्ये बंद केलं होतं. दुसरी बँक व्याज जास्त देत होती म्हणून. नव्या बँकेला हप्त्याची सूचना द्यायची राहून गेली. स्मरणपत्रं गेली ती तिच्या जुन्या, वापरात नसलेल्या ईमेलवर. आणि अण्णांच्या फोनवर गेली. नोव्हेंबरात अण्णांनी विचारलंही होतं, "इंग्रजीत कायबाय येतंय गं माझ्या फोनवर, रोजच्या रोज." ती ऑफिसच्या बसमध्ये होती, म्हणाली होती, "जाहिराती असतात अण्णा. पुसून टाका."

तिनं हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी हिंदीत, फार गोड आवाजात बोलत होती. ग्रेस पिरियड तीस दिवसांचा होता मॅडम. आता नव्यानं अर्ज करावा लागेल.

"करते. आत्ता करते. हवा तेवढा हप्ता सांगा."

"पेशंटना सध्या काही त्रास? काही तपासण्या झाल्यात?"

 खोटं वल्लरीच्या जिभेवर आलं होतं. पण गुरुवारी ऑपरेशन म्हटल्यावर कुठलं खोटं किती दिवस टिकणार होतं? तिनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

पियूष मागोमाग आला. सगळं ऐकून घेतल्यावर तो तिला एक शब्दही टाकून बोलला नाही. "किती लागतील?" एवढंच त्यानं विचारलं.

"साडेचार लाख. तीन आधी भरायचे."

दोघांनी शिल्लक पाहिली. ती पाऊण लाखाच्या वर जाईना. त्या दोन दिवसांत वल्लरीनं आयुष्यात पहिल्यांदा लोकांकडं हात पसरला. ज्यांची रिटर्नं भरली होती, त्यांनी कुणी हजार रियाल दिले, कुणी पाचशे. शिल्लक धरून दीड लाख कसेबसे जमले. बँक म्हणाली, आधीचं गाडीचं कर्ज आहे, नवीन बसणार नाही. रविवारी ती कंपनीच्या एचआरकडं गेली. अमान नावाचा तो माणूस भला होता.

"माझी ग्रॅच्युइटी द्या," ती म्हणाली. "नऊ वर्षांची आहे. हवं तर राजीनामा लिहून देते."

अमाननं खुर्ची पुढं ओढली. "राजीनामा दिला तरी दोन महिन्यांची नोटीस आहे, सिस्टर. पैसे त्यानंतर. आणि तुझ्या व्हिसावर नवरा आहे, मुलगी आहे. ती कुठं जातील? असं करू नकोस. अजून कुणाला विचारून बघ. मिळतील, इन्शाल्ला."

टेबलाशी परतली, तर स्टोअरचा माणूस पावतीची घडी उलगडून उभा होता. तिनं ती पावती पाहिली आणि घडी करून त्याला परत दिली. मग त्याला म्हणाली, "उद्या या." तो दुसऱ्या दिवशी आला नाही. तिची अवस्था तोवर सगळ्यांना कळली होती.

बुधवारी दुपारी ती विट्याला पोचली. अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. पायाशी पिशवी भरून तयार होती. धुतलेली दोन धोतरं, तांब्या, रिपोर्टांची फाइल. हौसाबाईंनी चहा आणला. वल्लरीनं कप तसाच खाली ठेवला.

"अण्णा, कार्ड चालणार नाही."

"का गं?"

तिनं सांगितलं. बँकेचं, ईमेलचं, आणि ते मेसेज पुसायला तिनंच लावले होते, तेही. अण्णा जमिनीकडं बघत ऐकत होते. मधे त्यांनी एकदाच विचारलं, "म्हंजे उद्याचं न्हाई व्हायचं?"

"होईल. मी पैसे उभे करते. आणखी दोघांना विचारलंय मी."

"कुणाकुणाला इचारशील? जावई घरात बसल्यात." अण्णा उठून उभे राहिले. "माझी पिशवी उचल. सरकारी योजनेत फुकट हुतंय म्हणं आपरेशन. डेपोतल्या दोघांचं झालंय. नंबर लावू या."

"तिथं यादी असते अण्णा. वाट बघायला लागते."

"बघू की. मी काय कुठं पळून चाललोय?"

तिनं हट्ट करायला हवा होता. ती रडली, नको म्हणाली, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिच्या छातीवरचा दगड हलला. तीन लाख आता उद्याच्या उद्या लागणार नव्हते. आपल्याला हायसं वाटलं, हे ती नंतर पियूषला सांगू शकली, दुसऱ्या कुणालाही नाही.

आधार कार्ड, रेशनकार्ड, तपासण्यांचे कागद घेऊन ती चार दिवस या खिडकीतून त्या खिडकीत फिरली. अठरा दिवसांनंतरचा नंबर मिळाला. अण्णांनी रोज सकाळी कॅलेंडरवरचा एक दिवस खोडायचा नेम धरला. वल्लरीनं रजा वाढवून घेतली, बिनपगारी.

दहाव्या दिवशी सकाळी अण्णा दाढी करायला बसले आणि आरशासमोरच कलंडले. गालावरचा फेस तसाच होता. हौसाबाईंच्या मुलाच्या जीपमधून त्यांना मिरजेला नेलं. वाटेत त्यांचं डोकं वल्लरीच्या मांडीवर होतं. ते काहीतरी पुटपुटत होते, जीपच्या आवाजात तिला ऐकू येत नव्हतं. ती वाकून वाकून विचारत राहिली, "काय अण्णा? काय म्हणताय?" नंतर ते बोलायचे थांबले.

ते वाचले. त्याच योजनेत, तातडीची केस म्हणून दोन दिवसांनी बायपास झाली. डॉक्टर तरुण होते, त्यांनी तिला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, "नळ्या जोडल्या. पण ॲटॅकमध्ये हृदयाचा स्नायू बराच गेलाय. पंप तीस टक्के चालतोय. आधी झालं असतं तर वेगळं होतं."

आधी म्हणजे कधी, हे तिनं विचारलं नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यातच तिनं मोबाइलवर रिटर्न भरलं. मुदत जवळ आली होती. गावाकडच्या एका ओळखीच्या एजंटनं सांगितलं होतं, जुनाच नंबर टाका ताई, कोण तपासतंय? तिनं मेडिक्लेमच्या रकान्यात शून्य टाकलं. फ्लॅटच्या भाड्यातून कापलेल्या करातला थोडासाच परत मिळणार होता.

अण्णा आता अंगणापर्यंत चालतात. मधे दोनदा थांबावं लागतं. त्यांना विमा द्यायला कुठलीच कंपनी तयार नाही. वल्लरीनं पाच ठिकाणी अर्ज केले, पाचही परत आले. रजा संपली तेव्हा तिला निघावंच लागलं, कारण पियूषला अजून काम नव्हतं.

निघताना तिनं अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं, ते उचललंच जाईना. "अण्णा, मला एकदा शिव्या तरी द्या."

अण्णांना दम लागला होता. बोलायला वेळ लागला.

"गाडी चुकंल तुझी," ते म्हणाले. "जा आता."