बंदचे चौदा दिवस

१९८३ साल, मी एकसष्टीचा. जासईच्या मिठागरात माझ्या शेजारी मीठ ओढणाऱ्या गड्यानं तीस हंगामांत एक खाडा केला नव्हता. त्याला रक्ताचा कॅन्सर झाला. डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलं, चौदा दिवस गोळ्या घ्यायच्या, मग चौदा दिवस बंद. हा बंदच्या दिवसांतही गिळायचा. तोंड आतून सोललं, पेजही उतरेना.

"मरशील रं!"

"दादा, आपन कवा खाडा केलाय? तुमी केला असंल."

मला राग आला. आठ दिवस मी बोललो नाही. मग एका संध्याकाळी त्याच्या थुंकीत रक्त दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या उशाखालची गोळ्यांची बाटली काढली. जन्मात पहिल्यांदा त्यानं माझ्यापुढं हात जोडले. मी बाटली कमरेला खोचली आणि मिठावर गेलो.