ती भांडते तोवर काळजी नाही

आमच्या मुलचेरा तालुक्यात माझ्या नणंदेएवढी भांडखोर बाई दुसरी नाही, आणि तिच्याएवढं बरोबर भांडणारीही दुसरी नाही. ही गोष्ट मला खूप जणांना सांगायची होती. पण चार माणसं समोर आली की माझा आवाज घशातच राहतो, म्हणून वहीत लिहिते. लोक म्हणतात, तिला शुगर आहे म्हणून ती चिडते. साफ खोटं. ती चिडते कारण लोक चिडण्यासारखं वागतात. हे मला नऊ वर्षांपूर्वीच कळलं होतं, आणि तरीही एकदा, जिथे बोलायला पाहिजे होतं तिथेच, मी चुकले. ते पुढे येईलच.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. काडीसारखी. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती आणि त्या चटईच्या कडेला बसून ती आपल्याच पोटात सुई टोचत होती. मी नवी नवरी, पाहूनच घाबरले. ती म्हणाली, "काय पाहून राह्यली वो वहिनी? तुह्या पोटातलं यंत्र आपोआप चालते. माह्यं बंद पडलं, मी हातानं चालवतो." अकराव्या वर्षी तिच्या शरीरात इन्सुलिन बनायचं बंद झालं. काही खाऊन झालं नाही, कोणाच्या चुकीनं झालं नाही, आणि कशानं थांबतही नाही. रोज चार वेळा सुई घ्यायची, तेव्हा माणूस जगतो. एवढी साधी गोष्ट. पण गावाला ती पटेल तर शपथ. एक म्हणे, लहानपणी लाडानं साखर खाऊ घातली असंल. आमच्या घरी साखर पाहुणा आल्यावर निघते! दुसरी म्हणे, धावून धावून रक्त आटलं. तिसरा म्हणे, रोज एवढी धावते तर बरी झाली असंल, मग सुई काऊन टोचते? हा तिसरा तर दर सोमवारी नव्यानं विचारतो आणि ती दर सोमवारी त्याला नव्यानं झापते.

धावणं हे तिचं खरं वेड. पहाटे उठायचं, बोटाला टोचून मशीनवर आकडा पाहायचा, आकडा कमी असला तर वाटीभर भात खायचा, बरोबर असला तर अर्धी वाटी, आणि निघायचं. दहा किलोमीटर म्हणजे तिच्या हिशेबी फक्त अंग मोकळं करणं. अठरा-वीस झाले की ती "आज धावली थोडीशी" म्हणते. कधी कधी मोठ्या रस्त्यापर्यंत जाते आणि सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडून येणाऱ्या ट्रकांच्या लाल धुळीत न्हाऊन परत येते. मग केसांतून विटकरी पाणी निघतं आणि सासूबाई ओरडतात, "पोरगी धावाले गेल्ती का खदानीत गेल्ती?" तिच्या कमरेची पिशवी मी शिवते. आजवर सहा शिवल्या. मशीन, पट्ट्या, गूळ आणि भाजलेली मोहफुलं, सगळं वेगवेगळ्या कप्प्यात पाहिजे. एक कप्पा बोटभर इकडचा तिकडे झाला तर ती सबंध पिशवी उसवून माझ्या मांडीवर ठेवते. "वहिनी, धावताना मले डोळ्यानं नाई शोधता येत, हातानं सापडाले पाहिजे." मी चडफडत परत शिवते. मोहफुलं ही तिची स्वतःची युक्ती. शुगर पडायला लागली की आधी गूळ, आणि थोड्या वेळानं वर मूठभर मोहफुलं. पण मोहाचीच दारू गाळतात, त्यापायी रस्त्यानं जाणारे तिच्या तोंडाचा वास घेऊन एकमेकांकडे पाहतात. एकानं तर सासूबाईंना येऊन सांगितलं की पोरगी सकाळीच पिऊन रस्त्यानं पळते. पिणारा माणूस वीस किलोमीटर पळून सरळ रेषेत घरी आलेला यानं कुठे पाहिला, ते मला कोणी सांगावं.

घरात फ्रीज नव्हता तेव्हापासून तिचं औषध मडक्यात राहतं. मोठ्या मडक्यात ओली रेती, त्यात छोटं मडकं, आणि त्यात स्टीलच्या डब्यात इन्सुलिन. रेती ओली ठेवायचं काम माझं. सासूबाई त्या मडक्याला दसऱ्याला हळदकुंकू लावतात आणि त्याच्याजवळून चपला घालून कोणाला जाऊ देत नाहीत. एकदा घुग्घुसहून आलेल्या एका पाहुणीनं पाणी प्यायला त्यात पेला बुडवला आणि डबा वर काढून म्हणाली, "यात दागिने ठेवता का वो?" माझ्या नणंदेनं तिला इतकं सुनावलं की ती बाई जेवणापर्यंत तहानलेलीच बसून राहिली.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या वेळी डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं होतं की शुगर कमी झाली तर घाम येईल, हात थरथरतील, चिडचिड होईल. घाम आणि थरथर सगळे विसरले. चिडचिड तेवढी लक्षात ठेवली. त्या दिवसापासून ती तोंड उघडायचा अवकाश, की घरातलं कोणी तरी म्हणणारच, "गूळ द्या वो हिले." भाजीत मीठ जास्त झालं म्हणाली, गूळ. भावानं विचारल्याशिवाय तिची सायकल नेली म्हणून ओरडली, गूळ. ती मशीन काढून आकडा सगळ्यांच्या नाकापुढे धरायची, "एकशे चाळीस! हे पाहा! शुगर नाई रागावली, मी रागावली!" तर सासूबाई म्हणायच्या, "मशीन खराब असंल." राग आपलाच आहे हे सिद्ध करायला जिला रक्त काढून दाखवावं लागतं, तिनं चिडू नये तर काय करावं?

आणि खरी शुगर पडली की ती कशी होते, ते घरात मला एकटीलाच ठाऊक होतं, कारण स्वयंपाकघरात ती माझ्याजवळच असायची. ती चिडत नाही. ती अदबीनं बोलायला लागते! एरवी ताटात वाढल्या वाढल्या खोड काढणारी ही पोरगी एकदम म्हणते, "वहिनी, तुमी किती छान भात केला जी." सासूबाईंना म्हणते, "आई, तुमी दमल्या असाल." असं काही ऐकलं की मी आधी तिचं बोट धरून मशीन लावते. म्हणून मी पदराला गुळाचा खडा बांधूनच असते. एकदा बाजाराच्या दिवशी मी बंगाली वस्तीतल्या मिठाईच्या दुकानासमोर उभी होते. ती लांबून धावत आली, पिशवीतला गूळ वाटेतच संपलेला, आणि दुकानदाराला हात जोडून म्हणाली, "दादा, दोन रसगुल्ले देता का जी? लय उपकार होतील." माझ्या हातातली पिशवी तिथेच पडली. दुकानदार बिचारा मनानं चांगला, पण शहाणा किती ते पाहा. म्हणाला, "ना दीदी, तुमाला शुगर आहे, आमी नाय देणार. तुमच्या आईला काय तोंड दाखवणार?" आणि वर तिला मिठाचं लिंबूपाणी देऊ लागला! ती त्यालाही "आभारी आहो" म्हणाली. मी पदराची गाठ सोडून अख्खा खडा तिच्या तोंडात कोंबला. मशीनवर बावन्न आकडा. पंधरा मिनिटांनी ती भानावर आली आणि दुकानदाराशी अशी भांडली की बाजार थांबला. "शुगरवाल्याले गोड कवा द्याचं आन् कवा नाई, ते मले विचार ना! मी काय मेली होती का?" दुकानदारानं पुढच्या बाजारापर्यंत सगळीकडे सांगितलं की वहिनी नणंदेला गूळ चारून मारायला निघाली होती. मी महिनाभर त्या बाजूला गेले नाही.

मागच्या वर्षी हिवाळ्यात तालुक्याला मोठी दौड ठेवली होती, एकवीस किलोमीटरची. ती वर्षभर त्याचीच तयारी करत होती. जंगलाच्या रस्त्यानं, सगळ्या तालुक्याच्या समोर पूर्ण एकवीस धावून दाखवायचे, म्हणजे गावाची तोंडं बंद होतील, एवढंच तिला पाहिजे होतं. फॉर्मवर आजार विचारला होता. तिनं खरं लिहिलं. दुसरी असती तर लिहिलं नसतं. चौदाव्या किलोमीटरवर पाण्याचं टेबल होतं, तिथे मला गूळ घेऊन उभं केलं होतं. ती आली ती मजेत, गाल लाल, पाय एका लयीत. तेवढ्यात टोपी घातलेला, गळ्यात शिट्टी असलेला एक साहेब आडवा आला. "तुम्हाला डायबिटीस आहे ना? बसा गाडीत. जबाबदारी आमच्यावर येते." तिनं तिथेच बोट टोचून आकडा दाखवला. "एकशे बत्तीस आहे, सर. बाजू व्हा." साहेब म्हणाला, "वाद घालू नका." झालं! ती सुटली. "काऊन घालू नको? मी मागं पडली का? मी पडली का? तुमचा फॉर्म तुमी वाचला, मशीन काऊन वाचत नाई?" तिच्या मागचे धावणारे पुढे निघून चालले होते आणि एकेकाबरोबर तिचा आवाज चढत होता. साहेब शांतपणे म्हणाला, "पाहा, हेच लक्षण आहे." आणि माझ्याकडे वळला. "तुम्ही घरच्या ना? शुगर कमी झाली की अशीच चिडते ना ही?"

उत्तर मला ठाऊक होतं. जगात फक्त मला ठाऊक होतं. पण साहेब, शिट्टी, दहा-बारा माणसं, सगळे माझ्याकडे पाहत होते. मी पदर पुढे ओढला आणि मान हलवली. हो म्हणून.

तिनं माझ्याकडे पाहिलं. छातीवरचा नंबर काढला, त्याची घडी केली, टेबलावर गुळाच्या बाजूला ठेवली आणि गाडीत जाऊन बसली. त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी भांडली नाही. भाजीत मी मुद्दाम मीठ जास्त टाकून पाहिलं. मुकाट्यानं खाल्ली. पिशवीचा कप्पा उलटा शिवून दिला, तशीच बांधून धावायला गेली. नवव्या दिवशी मी रेतीवर पाणी शिंपडता शिंपडता तिला म्हटलं, "मले ठाऊक होतं. तरी मान हलवली." तिनं मडक्यातला डबा काढून पुसला. मग म्हणाली, "पुढच्या खेपेस मान नको हलवू. तोंड हलव." आणि पिशवी माझ्या मांडीवर फेकली. "हा काय कप्पा शिवला वो? आंधळी झाली का?" मला इतकं बरं वाटलं की मी रडले.

यंदा परत तीच दौड, तेच टेबल, तोच साहेब. फॉर्मवर तिनं परत खरंच लिहिलं. ती लांबून दिसली तसा साहेब टोपी सारखी करून रस्त्याच्या मधे गेला.  मी टेबल सोडून त्याच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि जमिनीकडे पाहत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "साहेब, तिले थांबवू नका. ती भांडते तोवर तिले काही होत नाई. ती अदबीनं बोलाले लागली, का मले हाक मारा." साहेब काही बोलायच्या आत ती आमच्यापाशी आली, धावता धावताच ओरडली, "रस्त्यात काऊन उभे राह्यले गा, टेबलं कमी पडली का?" मी साहेबांना म्हटलं, "पाहा. बरी आहे." आजूबाजूचे हसले. साहेबही बाजूला झाला. ती शेवटून नववी आली. पूर्ण एकवीस धावून आली. गावातला तो तिसरा माणूस आता दर सोमवारी विचारतो, "एकवीस धावली म्हणते, मग सुई काऊन टोचते?" काही लोकांना देवही समजावू शकत नाही.

गेल्या महिन्यात तिला गडचिरोलीला मुलींच्या वसतिगृहात खेळ शिकवायचं काम लागलं. तिथे फ्रीज आहे, दवाखाना जवळ आहे. तिच्या औषधाची मला काळजी नाही. तिथे ती रागावली तर लोक तिचं ऐकून घेतील की गूळ आणायला धावतील, एवढंच मनात येतं. निघायच्या दिवशी मी तिच्यासोबत बसस्टँडवर गेले. वाटभर ती कंडक्टरला, रस्त्याला, माझ्या डब्याच्या झाकणाला नावं ठेवत होती. मग बस आली. एक पाय पायरीवर ठेवून ती मागे वळली आणि हळूच म्हणाली, "येतो, वहिनी. तुमी माह्यासाठी लय केलं जी."

 मी तिचा हात धरून तिला खाली ओढलं, पदराची गाठ सोडली. "बोट दे आधी, बोट दे!" कंडक्टर ओरडत होता. तिनं बोट पुढे केलं. मी टोचून पट्टी लावली. आम्ही दोघी मशीनकडे पाहत उभ्या राहिलो.

एकशे अठरा.

तिनं आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि बसमध्ये चढली. मी गुळाचा खडा पुन्हा पदराला बांधला.