भित्र्या मामांची शिडी

शिड्या बनवणाऱ्या माणसाला गावाने ‘भित्रे मामा’ म्हणावं, यातच गावाचा स्वभाव कळतो. उभा जन्म उंचावर चढण्यात गेला आणि नाव काय, तर भित्रे! दोष मामांचाही होता म्हणा. कुणी गिऱ्हाईक म्हणालं, “त्या गाठीच्या लाकडाचाच दांडा लावून टाका हो, कोण बघतंय?” की मामा कानामागची पेन्सिल काढत म्हणायचे, “बघणारा बघतोय. मी भितो बाबा त्याला.”

त्यांचे रिवाज ठरलेले. नवी शिडी झाली की भिंतीला लावायची, चपला काढायच्या, डोळे मिटून प्रार्थनेचे दोन शब्द बोलायचे आणि आधी स्वतः टोकापर्यंत जाऊन यायचं. आणि शिडीला रंग कधी द्यायचा नाही. जवसाचं तेल पाजायचं, बस. रंगाखाली तडा लपतो. देवाचा धाक धरला की शहाणपण मागून येतं, असं माझी आई सांगायची. मामांनी ते लाकडापुरतं तरी खरं करून दाखवलं होतं.

अशा माणसाने एकदा शिडी रंगवली, आणि तीही चर्चची!

चर्चच्या छताचा मोठा दिवा बदलायचा होता. कारभारी म्हणाले, शिडी भिंतींसारखी पांढरीशुभ्र हवी. मामा नाही म्हणाले. कारभाऱ्यांनी ठेवणीतलं काढलं, “देवाच्या घरात उघडंबोडकं लाकूड ठेवायचं का, मामा?” झालं, मामा विरघळले. देवाला भिणाऱ्या माणसाला देवाचंच नाव घेऊन चुकायला लावता येतं, हे कारभाऱ्यांना ठाऊक नव्हतं आणि मामांना तर नव्हतंच. त्यांनी शिडी चढून पाहिली, मग दोन हात रंग दिला, आणि शनिवारी सकाळी हातगाडीवाला ती घेऊन गेला.

दुपारी मामा जेवायला बसले होते, तेवढ्यात हातगाडीवाला दोरी परत द्यायला आला. “वळणावर गाडी कलंडली हो. शिडी आपटली दगडावर. पण गोणपाटात होती ना, रंगाला ओरखडासुद्धा नाही!”

मामांचा घास हातातच राहिला. रंगाला ओरखडा नाही, पण आतलं लाकूड? आणि दिवा बदलायला चढणार होता त्यांचा जावई. मुलगी घरी पाळण्याशी बसलेली. मामा उठले ते पटाशी आणि काचपेपर घेऊन तडक निघाले, दुखरा गुडघा ओढत, चपला न घालताच.

ते चर्चमध्ये पोचले तेव्हा जावयाचा पाय पहिल्या पायरीवर पडला होता.

“जावई, खाली उतरा!”

त्यांनी शिडी आडवी करून घेतली आणि पटाशीने रंग खरवडायला बसले. कारभारी लालबुंद झाले. “मामा, उद्या उपासना आहे! एवढी देखणी शिडी! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते उगाच नाही.”

“मूठ झाकावी. शिडी झाकू नये. माझंच चुकलं.”

जावयाने काचपेपर उचलला आणि दुसऱ्या टोकाला बसला. घासता घासता हळूच म्हणाला, “मामा, देवाला एवढं का भिता? तो काय मारायला बसलाय?”

“मारायला कशाला बसेल? तुमचं तान्हं तुमच्या हातात देतात तेव्हा हात कसे होतात तुमचे? तशी भीती ही. त्याची माणसं आपल्या हातात दिली आहेत त्याने.”

शिडी उघडी पडली. मामांनी दोन्ही दांड्यांवरून तळवा फिरवला, उजेडात तिरकं धरून एकेक पायरी पाहिली. तडा नव्हता. कुठेच नव्हता.

“बघा!” कारभारी हसले. “उगाच घाबरवलंत. काहीसुद्धा नव्हतं.”

“काही नाही, हे आत्ता कळलं,” मामा म्हणाले. “मघाशी आपल्यापैकी कुणाला ठाऊक होतं?”

एवढ्यात मामी चपला हातात घेऊन धापा टाकत आल्या. “अहो, अनवाणी धावलात! त्या गुडघ्याचं काय?” मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग शिडीकडे. जन्मभराच्या संसारात मामींना एवढं पुरायचं. त्यांनी चपला बाजूला ठेवल्या आणि जावयाने शिडी उभी करताच ती खालून दोन्ही हातांनी घट्ट धरली. मामा डोळे मिटून दोन शब्द बोलले आणि गुडघा सांभाळत वर गेले. ते उतरल्यावर जावई चढला.

मामा जाऊन आता बराच काळ झाला. ती शिडी चर्चमध्ये आहे, रेषारेषांत पांढरा रंग राहिलेली, दिसायला अगदी कळाहीन. परवा दिवा पुसायला कारभाऱ्यांची नात चढायला निघाली. कारभारी खुर्चीवरून उठले. “थांब गं.” त्यांनी वाकून दोन्ही दांड्यांवरून तळवा फिरवला. मग, आजवर कुणी पाहिलं नव्हतं ते केलं. त्यांनी बूट काढले.